शिस्त नेमकी कुणाला नाही?

दसरा झाला की नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या बिऱ्हाड उचलून कारखान्यांची वाट धरतात. हंगामात एखाद्या एचआयव्हीबाधित मजुराच्या गोळ्या सुटल्या की शेरा ठरलेला असतो: ‘या लोकांना शिस्तच नाही. आयुष्यभराचं महागडं औषध यांना देण्यापेक्षा तो पैसा जागृतीवर घाला.’ बोलणे व्यवहारी वाटते, पण ते खरे नाही.

आधी शिस्त. आफ्रिकेतल्या अनेकांनी घड्याळच पाहिलेले नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार, असा आक्षेप २००१ मध्ये अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी घेतला होता. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा गोळ्या नीट घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघाले. अंधारातच कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला वेळ पाळता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आता खर्च. वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरातले हे उपचार २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ३५० डॉलरला देऊ केले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी केंद्रांत ते मोफत मिळू लागले. महागाईची सबब तेव्हाच संपली.

राहिली जागृती. लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे औषध हाच प्रतिबंध आहे. दोघांत भांडण लावणाऱ्याला दोन्ही कळलेले नाहीत.

नगरमध्ये गिरीश कुलकर्णी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेले ‘स्नेहालय’ एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळते. समाजाने दूर लोटलेल्या मुलांना घर मिळाले की औषधपाणीही सांभाळता येते, हे या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे. मग उसाच्या फडावर ते का जमू नये?

गळती माणसांत नाही, रचनेत आहे. क्षेत्रफळाने राज्यातल्या या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात गोळ्यांसाठी एका दिवसाची मजुरी बुडवून एसटीने जावे लागते, तिथे औषधानेच माणसाकडे यायला हवे. तब्येत स्थिर असलेल्याला टोळी निघण्याआधी तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या द्या. कारखान्याजवळच्या केंद्रात नाव आधीच कळवा. आणि हे सारे मुकादमाच्या कानावर न जाता करा. कामावर भेदभाव करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

त्याच कायद्यात सरकारने उपचार ‘शक्य तितके’ पुरवावेत, अशी पळवाट आहे. ती बुजवली पाहिजे. मजुराला शक्य तितक्या दिवशी गोळी घेऊन चालत नाही, त्याला ती रोज घ्यावी लागते. त्याच्याकडून जी शिस्त मागतो, तीच आपण पाळू या.