कळणेनंतरही मसुदाच?

जुलै २०२१मध्ये दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीचा बांध मुसळधार पावसात फुटला आणि तांबड्या चिखलाचा लोंढा खालच्या वस्तीत, शेताबागायतींत शिरला. चार दिवस वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. पुढे विषय मागे पडला.

राधानगरी आणि गोव्यातील म्हादईचे अरण्य यांना जोडणारा हा सह्याद्रीचा पट्टा आहे. वाघांची येथूनच ये-जा असते. तिलारीचे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर वन २०२०मध्ये संवर्धन राखीव घोषित झाले खरे. पण वाघाला सातबारा वाचता येत नाही, त्याचा मार्ग शेजारच्या खाजगी डोंगरांवरूनही जातो. पाण्याचेही तसेच. लोहखनिजाचे थर आणि त्यावरील सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी मुरवून धरतात. त्यावर झरे वाहतात, झऱ्यांवर पोफळीची कुळागरे जगतात. नेमके तेच थर खाण उचलून नेते. गोव्याचा अनुभव असा की, एक टन खनिजासाठी अडीच ते तीन टन माती उकरून कोठेतरी टाकावी लागते. (त्या खनिजाचा मोठा भाग चीनच्या पोलादभट्ट्यांत गेला, हे स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांनी विसरू नये.)

खाणीमुळे रोजगार मिळतो, हा युक्तिवाद खोटा नाही. घाट उतरून मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणाला निसर्गप्रेमाची प्रवचने देऊन भागत नाही. परंतु खनिज संपते त्या दिवशी तो रोजगारही संपतो, आणि मागे कुळागराला पाणी उरलेले नसते. गोव्यात २०१२मध्ये व पुन्हा २०१८मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकचे हप्ते डोक्यावर घेऊन बसलेली कुटुंबे कोणी पाहिली नाहीत?

माधव गाडगीळ समितीने २०११मध्येच अतिसंवेदनशील क्षेत्रांत नव्या खाणींना मज्जाव सुचवला. देवरायांचा अभ्यास त्यांनी वा. द. वर्तकांसह सत्तरच्या दशकात केला होता. देवाच्या राईतील वाळकी काटकीही घरी न नेणारा कोकणी माणूस त्यांना ठाऊक होता. अहवाल मात्र ‘विकासविरोधी’ ठरला. २०१४पासून पश्चिम घाटाच्या अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. ३१ जुलै २०२४चा मसुदा सहावा. केंद्रात आणि राज्यात सत्तेवर कोणीही असो, या चालढकलीत खंड पडला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३पासून वृक्षतोडीस मनाई केली आणि मार्च २०२४मध्ये तेथील पंचवीस गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा निर्देश दिला. सहा राज्यांचे एकमत होईपर्यंत या गावांना तिष्ठत ठेवण्याचे कारण नाही. त्यांची अंतिम अधिसूचना स्वतंत्रपणे काढावी. शेती जाईल, जमिनीची मालकी जाईल, ही गावोगाव पेरलेली भीती मसुद्याच्या मजकुरात कोठेही आढळत नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळूउपशावर. मग सामान्य शेतकऱ्याच्या नावाने विरोध नेमका कोणासाठी चालला आहे, हे तालुक्यातील पुढाऱ्यांनी ग्रामसभेत येऊन सांगावे.