पाणथळीतील शेतीसंशोधन: एका आक्षेपाचे परीक्षण

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण भागात, ओकिचोबी सरोवरापासून थेट समुद्रापर्यंत, एव्हरग्लेड्स हा उपोष्ण पाणथळ प्रदेश पसरलेला आहे. सरोवराला लागून असलेली त्यातील सुमारे सात लाख एकर जमीन निचरा करून शेतीखाली आणली गेली असून तिच्या निम्म्याहून अधिक भागावर आज ऊस उभा असतो. या शेतीला आधार म्हणून राज्याच्या विधिमंडळाने १९२१ मध्ये बेल ग्लेड येथे संशोधन केंद्र स्थापन केले. अशा केंद्रांविषयी पर्यावरणवाद्यांच्या एका गटाकडून घेतला जाणारा आक्षेप असा की, पाणथळ आटवून पिके घेणे हाच ज्या संशोधनाचा जन्महेतू, त्याच्याकडून पाणथळीच्या हिताची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. सबब शेतीसंशोधन आणि पर्यावरणसंशोधन ही परस्परविरोधी शास्त्रे मानावीत आणि पाणथळीचा निवाडा दुसऱ्यावरच सोपवावा.

या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. तेथील माती ही सामान्य माती नव्हे. पाण्याखाली हवेअभावी न कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून ती बनली आहे आणि तिला पीट म्हणतात. दिसायला काळीभोर आणि कसदार अशा या जमिनीत आरंभी पिके खुरटत होती. ताम्राच्या अभावामुळे हे घडते आणि मोरचूद घातल्यास पीक सुधारते, हे बेल ग्लेडच्या संशोधकांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पडीक समजली जाणारी जमीन लागवडीला मोकळी झाली. पुढे १९६० नंतर क्युबाची साखर अमेरिकेत येणे बंद झाले आणि उसाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. संशोधनाने शेतीचा मार्ग सुकर केला, हे येथवर निर्विवाद आहे.

परंतु एवढ्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही, कारण या शेतीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा त्याच केंद्राच्या आवारात उभा आहे. १९२४ मध्ये तेथे नऊ फूट लांबीचा काँक्रीटचा खांब मातीतून खालच्या चुनखडकापर्यंत ठोकून त्याचे टोक जमिनीच्या पातळीला आणून ठेवण्यात आले. आज त्याचा सुमारे सहा फूट भाग उघडा पडला आहे. निचरा होताच मातीत हवा शिरते, सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याचे विघटन करू लागतात आणि मातीतील कर्ब वायुरूपाने उडून जातो. जमीन वाहून न जाता जागच्या जागी नाहीशी होते. स्टीफन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९५१ मध्येच हा ऱ्हास दरवर्षी सुमारे एक इंच असल्याचे दाखवून, ही शेती विसाव्या शतकाअखेर बव्हंशी धोक्यात येईल असे बजावले होते. भूजलाची पातळी जितकी खोल, तितका ऱ्हास अधिक, हा नियमही याच परंपरेतून सिद्ध झाला. ज्या शास्त्राने आपल्याच आश्रयदात्या शेतीचे आयुष्य मोजून दाखवले, त्याला निचऱ्याचे वकील ठरवणे अन्यायाचे आहे.

हीच गोष्ट स्फुरदाची. एव्हरग्लेड्समधील सॉग्रास, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातील करवती कडांची वनस्पती, अत्यल्प स्फुरदावर वाढते. शेतातून येणाऱ्या पाण्याबरोबर स्फुरद वाढला की तिची जागा पाणकणीस घेते आणि पक्ष्यांना वावरायला मोकळे पाणी उरत नाही. यावरचे उपाय शेताच्या बांधावरच आखावे लागले: माती तपासून मगच खत देणे, ते सर्वत्र न फेकता मुळांलगत पट्ट्यात देणे, ठरावीक पाऊस पडेपर्यंत पंप न लावता पाणी शेतातच थोपवणे आणि चरांतील गाळ काढणे. शेतीक्षेत्रातून बाहेर पडणारा स्फुरद १९७९ ते १९८८ या काळाच्या तुलनेत २५ टक्क्यांनी घटवण्याची अट घालण्यात आली आणि १९९६ पासून ती सातत्याने पाळली गेली आहे.

शेती उठवली की पाणथळ आपोआप पूर्ववत होईल, ही समजूतही तपासून पाहावी लागते. माती खचल्यामुळे ते क्षेत्र आता खोलगट झाले आहे. तेथे पाणी सोडल्यास पूर्वीसारखा उथळ, संथ प्रवाह न वाहता पाणी तुंबते आणि मातीत वर्षानुवर्षे साठलेला स्फुरद त्यात उतरतो. म्हणून शेती आणि संरक्षित प्रदेश यांच्यामध्ये, स्फुरद शोषून घेणाऱ्या वनस्पतींच्या ५७ हजार एकरांहून अधिक कृत्रिम पाणथळी उभाराव्या लागल्या.

तथापि, या सर्व गोष्टींचे श्रेय साखर उद्योगाच्या सद्‌बुद्धीला देणारा प्रतिपक्षही तितकाच चुकीचा आहे. ऱ्हासाचे ज्ञान १९५१ पासून उपलब्ध होते, परंतु स्फुरदाला प्रत्यक्ष आळा बसला तो १९८८ मध्ये केंद्र सरकारने भरलेल्या खटल्यानंतर आणि १९९४ च्या एव्हरग्लेड्स फॉरएव्हर कायद्यानंतर. संशोधन मोजू शकते आणि मार्ग दाखवू शकते; त्या मार्गाने जाण्याची सक्ती कायदाच करू शकतो. शिवाय खचण्याचा वेग पूर्वीच्या निम्म्याच्या आसपास आला असला, तरी ऱ्हास थांबलेला नाही, त्यामुळे समाधान मानण्यास जागा नाही.

तेव्हा योग्य प्रश्न शेतीसंशोधन हवे की नको हा नसून, त्याने कोणाशी जुळवून घ्यावे हा आहे. शंभर वर्षे पिकासाठी पाणी उतरवले गेले. आता पाण्यासाठी पीक बदलण्याची वेळ आली आहे. याच परिसरातील कॅनल पॉइंट येथील ऊस संशोधन केंद्रात मुळाशी पाणी साचले तरी तग धरणाऱ्या उसाच्या वाणांचा अभ्यास झालेला आहे, आणि उन्हाळ्यात ऊस नसलेल्या शेतांत पाणी भरून भात घेतल्याने मातीचा ऱ्हास तेवढ्यापुरता मंदावतो. हे प्रयत्न अद्याप दुय्यम मानले जातात. ते मुख्य व्हावेत. पाणथळीतील शेतीसंशोधनाचे यश एकरी उताऱ्याबरोबरच शिल्लक राहिलेल्या मातीच्या जाडीने मोजले गेले पाहिजे, आणि ज्या संशोधनाला ही कसोटी मान्य नसेल, त्याच्याविरुद्धचा मूळ आक्षेप मात्र खरा ठरेल.