मोपा ते गॅटविक: अंतर तेवढेच, प्रवास लांबला

एअर इंडियाने मोपा–लंडन गॅटविक ही आठवड्यातून तीनदा जाणारी थेट विमानसेवा 21 जून 2025 पासून स्थगित केली. आधी 15 जुलैपर्यंत असे सांगितले होते, नंतर मुदत वाढली. 12 जूनच्या अहमदाबाद दुर्घटनेनंतर कंपनीने मोठ्या विमानांच्या परदेशी फेऱ्या कमी केल्या, त्यात आपली फेरी गेली. शिरगाव, डिचोली, पेडणे भागातून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना याचा नेमका काय फटका बसतो?

मोपा ते गॅटविक हे हवाई अंतर साधारण 7,550 किलोमीटर. मुंबईमार्गे लंडन गाठले तर ते सुमारे 7,600, दोहामार्गे 7,750 आणि दिल्लीमार्गे 8,200 होते. म्हणजे दोहामार्गे जादा उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचे. तरीही थेट विमानाने दहा तासांच्या आसपास होणारा प्रवास चौदा तासांवर जातो, आणि जोडविमानाची वेळ जुळली नाही तर वीसवरही. वेळ अंतरात जात नाही, थांब्यात जाते.

हवाई वाटही सध्या मोकळी नाही. गोव्याहून लंडनची सर्वांत जवळची रेषा पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून जाते. 24 एप्रिल 2025 पासून ते आकाश भारतीय विमानांना बंद आहे. वळसा घेतला की इंधन वाढते. परदेशी कंपन्यांना ही अडचण नाही.

तरुण माणूस दोहाला चार तास बसून काढेल. पण नातवंडांसाठी एकट्याने येणाऱ्या आजीला विमान बदलणे, फाटक शोधणे जड जाते. गावात कुणी गेल्याचा रात्री फोन आला, तर अंत्यदर्शन मिळणार की नाही हे याच आठ-दहा तासांवर ठरते. आणि श्रीदेवी लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. 2024 मध्ये ती 12 मे रोजी होती, 2025 मध्ये 2 मे रोजी. तिथी आपल्या रजेसाठी थांबत नाही. व्रत पाळणाऱ्या धोंडांना तर त्याआधीच गावी पोचायला हवे. पाच दिवसांच्या रजेतला एक दिवस विमानतळावर गेला, तर उरते काय?

तोवर सभासदांनी एवढे पाहावे. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकच काढावे; वेगवेगळी तिकिटे असतील आणि पहिले विमान उशिरा पोचले, तर पुढच्याची जबाबदारी कुणी घेत नाही. मुंबईत टर्मिनल बदलावे लागते का, ते आधी विचारावे. वयस्कर माणसांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी, म्हणजे सोबतीला कर्मचारी मिळतो.

गोवा सरकार आणि खासदारांकडे मागणी करताना भावनेबरोबर हा हिशेबही मांडू या. मोपा आपल्याला दाबोळीपेक्षा जवळ आहे, पण तिथून थेट विमान सुटले तरच त्या जवळिकीचा उपयोग.