चाकाची शोभा आणि टायरची पकड

दसरा जवळ आला की आपल्या घरांतील मोटारींना न्हाऊमाखू घातले जाते, झेंडूचा हार चढतो आणि चाकांखाली लिंबे ठेवली जातात. याच सुमारास घरातील तरुण मंडळींच्या मनात आणखी एक बेत शिजत असतो. गाडीची मूळची लोखंडी चाके काढून तेथे चकाकणारी ॲलॉयची, म्हणजे मिश्रधातूची, चाके बसवावीत आणि जमल्यास टायरही थोडे रुंद घ्यावेत. वडील मंडळींना हा निव्वळ उधळेपणा वाटतो आणि तरुणांना वडिलांचे म्हणणे जुनाट वाटते. या वादात दोन्ही पक्षांचे थोडे थोडे खरे आहे. म्हणून या महिन्यात हाच विषय घेण्याचे आम्ही योजिले आहे.

हैदराबादेतील मराठी घरात मोटार केवळ कचेरीत जाण्यासाठी नसते. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा येथून निघून जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा या मार्गाने सोलापूर गाठायचे आणि जमल्यास पुढे पुण्यापर्यंत जायचे, हा आपल्या अनेक कुटुंबांचा नित्याचा प्रघात आहे. सोलापूर सुमारे तीनशे किलोमीटर दूर. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत आणि आज ६५ म्हणतात, तो हा रस्ता. लग्नकार्यासाठी पहाटे निघालेल्या छोट्या गाडीत मागे आजी, दोन मुले, मांडीवर फराळाचे डबे आणि सामानाच्या जागी ट्रंका असतात. चाकांचा विचार करावयाचा तो हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून.

आता थोडे गणित पाहू. गाडीचे वजन सातशे किलो आणि माणसे व सामान मिळून साडेतीनशे किलो धरा. एकंदर १,०५० किलो भार चार टायरांवर वाटला की प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे २६२ किलो येतात. टायरमध्ये ३० पौंडांची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलोचा दाब असेल, तर एका टायरचा जमिनीस टेकणारा भाग सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर भरतो. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे टायरचा जमिनीला लागणारा तुकडा जवळजवळ तेवढाच. सारे कुटुंब चार पोस्टकार्डांएवढ्या रबरावर सोलापूरला जात असते! ब्रेक कितीही उत्तम असले तरी गाडी थांबते ती या चार तुकड्यांच्या पकडीने. चाक लोखंडाचे आहे की ॲलॉयचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

टायर निवडण्यापूर्वी त्यावरील आकडे वाचता आले पाहिजेत. जुन्या फियाटच्या टायरवर ५.२०–१४ असे लिहिलेले असे, म्हणजे रुंदी व रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. आजच्या रेडियल टायरवर १४५/८० आर १२ अशा तऱ्हेचा मजकूर असतो. आल्टो ८०० या गाडीच्या टायरचे माप हेच होते. यातील १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८०, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १२ हा रिमचा इंचांतील व्यास. यापुढे ७४ टी असे काही असते. ७४ हा भारदर्शक अंक असून त्याचा अर्थ एका टायरची ३७५ किलो वाहण्याची क्षमता. ७३ असेल तर ३६५ किलो. ‘टी’ हे अक्षर ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा सांगते. नवा टायर रुंद दिसतो म्हणून तो अधिक भार वाहीलच असे नाही. हा अंक कंपनीने आपल्या गाडीसाठी सांगितलेल्या अंकाहून कमी नसावा.

आता माप बदलण्याविषयी. १४५/८० आर १२ या टायरचा एकंदर व्यास सुमारे ५३७ मिलिमीटर होतो. त्याऐवजी १५५/६५ आर १३ घेतला तर व्यास ५३२ मिलिमीटर भरतो, म्हणजे फरक शेकडा एकाहूनही कमी. परंतु हौसेने १६५/६५ आर १४ घेतला तर व्यास ५७० मिलिमीटर होतो, म्हणजे शेकडा सहाने वाढ. अशा गाडीचा काटा ताशी ८० दाखवील तेव्हा ती प्रत्यक्षात ८५ने धावत असेल. शिवाय गाडी चढावर जड जाते, सुकाणू ओढून धरावे लागते, आणि मागे तीन माणसे बसली की टायर मडगार्डच्या कडेला घासू लागतो. दुकानात गाडी रिकामी उभी असते, त्यामुळे हे घासणे तेथे ध्यानात येत नाही. ते उमरग्याच्या वळणावर येते. साधा नियम असा की, मूळ व्यासापासून फार तर शेकडा दोन-तीन इतकेच सरकावे.

ॲलॉय चाकांना गुण नाहीत असे नव्हे. चांगल्या कारखान्याचे चाक वजनाने हलके असते, अचूक गोल असते आणि ब्रेकची उष्णता लवकर बाहेर टाकते. पण स्वस्त आणि मोठे ॲलॉय चाक मूळच्या लहान लोखंडी चाकाहून जडही भरते. दोन्ही चाके काट्यावर तोलून पाहण्याचा आग्रह धरावा. दुसरी गोष्ट खड्ड्यांची. पावसाळ्यानंतरचे आपल्या शहरातील रस्ते कसे असतात हे सांगावयास नको. खड्ड्यात आपटलेले लोखंडी चाक वाकते आणि बहुधा ठोकून सरळ करता येते. ॲलॉयचे चाक मात्र तडकू शकते. तडा वेल्डिंगने सांधून देणारे मिळतात. पण त्या उष्णतेने धातूचे मूळचे बळ उतरते. असे सांधलेले चाक पुन्हा गाडीस लावू नये.

चाकाची भोके जुळणे हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. जुन्या मारुती ८०० व झेन या गाड्यांची चार भोके ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असत. स्विफ्टची १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात. ‘थोडे इकडेतिकडे करून बसवून देतो’ असे राणीगंजातील असो वा अन्य कोठला असो, कोणीही दुकानदार म्हणाला तर तेथून नम्रपणे निघावे. मधले भोक गाडीच्या हबवर नेमके बसले पाहिजे आणि नट त्या चाकासाठीच बनविलेले असले पाहिजेत. चाके बसविल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर धावून झाले की नट पुन्हा तपासून आवळून घ्यावेत.

शोभा आणि पकड यांचा हा झगडा जुनाच आहे. बुगाटी कंपनीने १९२४ साली फ्रान्समधील लियाँ येथील शर्यतीत आपली ‘टाइप ३५’ ही गाडी उतरविली. ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांची ती गाडी पुढे जगप्रसिद्ध झाली. पण त्या पहिल्या शर्यतीत चाके नव्हे, टायर दगा देऊन गेले आणि एवढी देखणी गाडी मागे पडली.

टायर विकत घेताना त्याची जन्मतारीख पाहावी. बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते. २४२३ असेल तर तो टायर २०२३ सालच्या २४व्या आठवड्यातील होय. रबर न वापरताही म्हातारे होते. त्यातून आपल्याकडचे वैशाखातील ऊन! आयएसआयची खूण असलीच पाहिजे. सोलापूरच्याच रस्त्यावर सदाशिवपेट लागते. पुण्याच्या सदाशिव पेठेशी त्याचे नात्यापेक्षा नावाचेच साम्य अधिक. तेथे एम.आर.एफ.चा टायरचा मोठा कारखाना आहे. तेव्हा ताजा माल या भागात दुर्मीळ नाही. जुने टायर खरवडून नवे भासविण्याचा उद्योगही चालतो, त्यापासून सावध राहावे.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झालेला टायर मोटारीस चालत नाही, असा नियमच आहे. आमच्या मते पावसाळ्यापूर्वी ती ३ मिलिमीटर असावी. खाचांचे काम पाणी बाजूस सारण्याचे. त्या झिजल्या की टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि ब्रेक व सुकाणू दोन्ही निरुपयोगी होतात. २०२० सालच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या थोडे आधी, हैदराबादेत जो पाऊस कोसळला त्याची आठवण सर्वांस असेलच. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावावेत. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ती सावरता येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात स्पष्ट केले. म्हणून कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या प्रकारास जे चाक व टायर दिले असतील तेवढ्यापुरताच बदल करणे शहाणपणाचे. ॲलॉय चाके बसविल्यास विमा कंपनीस लेखी कळवावे.

राहिली स्टेपनी. हा शब्द वेल्समधील लानेली या गावच्या ‘स्टेपनी’ नावाच्या सुट्या चाकावरून विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे आला आणि घरचाच होऊन बसला. चारही चाके बदलून पाचवे जुन्या मापाचे ठेवले, तर अडचणीच्या वेळी जुने चाक आणि नवे नट यांचा मेळ बसत नाही. लोखंडी चाकाचे जुने नट डिकीत जपून ठेवावेत आणि स्टेपनीतील हवाही महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, पाहावी.

तात्पर्य, खर्चाचा क्रम असा असावा: आधी चार उत्तम टायर, मग अलाइनमेंट व बॅलन्सिंग, मग स्टेपनी, आणि त्यानंतर पैसे उरले तर खुशाल ॲलॉय चाके घ्यावीत. तरुणांच्या हौसेला आमचा मुळीच विरोध नाही. देखणी गाडी कोणास आवडत नाही? केवळ एवढेच, की झेंडूचा हार ज्या चाकाला घालावयाचा, त्याच्या टायरवरील आकडे घरातील एकाने तरी त्या दिवशी वाकून वाचावेत. आमच्या दृष्टीने तीही पूजाच होय.