मोतीला मराठी येते का?

(इयत्ता ७ वी)

“आमच्या कुत्र्याला सारं समजते, फक्त बोलता येत नाही,” असे घरोघरी ऐकू येते. आमचे आबाजीही तेच म्हणतात. माझे मत थोडे वेगळे आहे. कुत्र्याला शब्द कळतात, पण आपल्याला वाटते तितके नाही. आणि जे कळू शकतात तेही आपण त्याला नीट शिकवत नाही. मार मात्र त्यालाच बसतो.

आमचा मोती काटोल रस्त्याच्या वावरात संत्र्याची राखण करतो. त्याला बसवायचे तर आई म्हणते “बस”, बाबा म्हणतात “खाली”, नागपूरला शिकणारा दादा म्हणतो “सिट”, आणि छिंदवाड्याकडून तोडणीला येणारे काका म्हणतात “बैठ”. काम एक, शब्द चार! उलट “चाल” हा एकच शब्द, पण “चाल ये” म्हणजे जवळ ये आणि “चाल हट” म्हणजे दूर हो. आता त्याने करावे तरी काय? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही गोंधळलो असतो.

मी दिवाळीच्या सुटीत एक गंमत करून पाहिली. लाडाच्या आवाजात म्हटले, “चाल, वावरात!” मोती उठला. त्याच आवाजात म्हटले, “चाल, बाजारात!” तरी उठला. मग त्याच आवाजात म्हटले, “पऱ्हाटी फुटली!” तर तेव्हाही शेपूट हलवत उठला. म्हणजे तो आवाजावर उठत होता. नंतर मी दाराआड उभा राहिलो, म्हणजे माझे तोंड आणि हात त्याला दिसू नयेत, आणि साध्या आवाजात बोललो. “पऱ्हाटी” म्हटल्यावर तो हललाही नाही. “चाल” म्हटल्यावर कान उभे केले. “वावर” म्हटल्यावर काहीच नाही. यावरून मला वाटते, त्याला “चाल” येते, “वावर” येत नाही. तुम्हीही घरी करून पाहा, पण दाराआड उभे राहायला विसरू नका.

दाराआड का, ते आमच्या गुरुजींनी सांगितलेल्या गोष्टीवरून कळेल. जर्मनीत बर्लिन शहरी हान्स नावाचा घोडा होता. गणित विचारले की तो खूर आपटून बरोबर उत्तर द्यायचा. मोठमोठे लोक थक्क झाले. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासले तेव्हा दिसले की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. बरोबर आकडा आला की माणसाची मान किंचित हलायची, आणि घोडा ती बघून थांबायचा. जनावर आधी आपले अंग वाचते. रस्त्यावरचे कुत्रे बघा ना, आपण नुसते वाकलो तरी पळते. दगड हातात असो की नसो! कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये रस्त्यावरच्या, कोणीही न शिकवलेल्या कुत्र्यांना बोटाने भांडे दाखवले. कितीतरी कुत्री भिऊन जवळच आली नाहीत, पण जी आली त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवले तिकडेच गेली.

पण म्हणून शब्द कळतच नाहीत असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत चेसर नावाची मेंढ्या राखणाऱ्या जातीची कुत्री होती. जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी तिला रोज चार-पाच तास, असे तीन वर्षे शिकवले. तिला १,०२२ खेळण्यांची नावे येऊ लागली! मला तर आपल्या वर्गातल्या सगळ्या धड्यांतले तेवढे नवे शब्द पाठ नाहीत. हंगेरी देशात २०१६ मध्ये कुत्र्यांना मोठ्या यंत्रात शांत निजवून त्यांच्या मेंदूचे काम पाहिले. शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा आवाज दोन्ही जुळले, तरच मेंदूतला आनंदाचा भाग जागा झाला. नुसत्या गोड आवाजाने झाला नाही. पुढे त्याच देशात असेही दिसले की कुत्र्याचा मेंदू ओळखीची भाषा आणि परकी भाषा वेगळी ओळखतो. आमच्या मोतीच्या कानावर वऱ्हाडी, हिंदी आणि दादाची इंग्रजी, तिन्ही पडतात. त्याच्या डोक्यात काय चालत असेल बाप्पा!

मांजरीचे निराळेच आहे. जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये दाखवले की पाळलेली मांजरे तशाच लांबीच्या दुसऱ्या शब्दांतून आपले नाव बरोबर ओळखतात. पण ती कान हलवतात, मान वळवतात, बहुतेक उठून येत नाहीत. म्हणजे आमची मनी बहिरी नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एकाने “हा ऐकतच नाही” म्हणून आपला कुत्रा पोत्यात घालून दूरच्या बाजारात नेऊन सोडला. त्या घरातही त्याला सहा जण सहा तऱ्हेने हाका मारत होते. मला हे अजिबात पटत नाही. न शिकवलेल्या धड्यावर नापास करण्यासारखेच हे झाले. पोलिसांच्या कुत्र्यांना एका कामाला एकच शब्द शिकवतात, तो बदलत नाहीत. मग घरच्यांना चार शब्द ठरवायला काय हरकत आहे? आणि काठी हातात घेऊन “ये, ये” म्हटले तर तो येणार नाही, कारण त्याला काठी आधी ऐकू येते.

त्याचाही एक शब्द आहे, गुरगुरणे. तो आपण शिकला पाहिजे, लहान भावंडांनी तर नक्कीच. जेवत्या कुत्र्याजवळ हात नेऊ नये. चावलाच तर जखम १५ मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जावे, हळद-चुना लावून बसू नये.

आमच्या घरी दाराच्या आत खडूने चार शब्द लिहिले आहेत : बस, थांब, ये, नको. “चाल” आबाजींच्या सवयीचा आहे म्हणून तो फक्त वावरात जाताना वापरायचा असे ठरले. दादा सुटीत आला की “सिट” म्हणतो, तेव्हा आई त्यालाच दारावरचे वाचायला सांगते.