मतभेद नोंदवून ठेवण्याची शिस्त

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र शिकायला रोज पुण्याला जाणारी मुले-मुली थोडीथोडकी नाहीत. दौंडहून सकाळची गाडी, शिरूरहून नगर रस्त्याची एसटी, हा त्यांचा दिनक्रम. वर्गात त्यांना लिनक्स शिकवले जाते, पण बहुधा आज्ञा पाठ करण्यापुरते. लिनक्समध्ये एखादा बदल कोण सुचवतो, कोण अडवतो आणि निर्णय कसा लागतो, हे फारसे कोणी सांगत नाही. ते सांगायला हवे, कारण त्या इतिहासात पुण्यातल्या कामाची ठळक नोंद आहे.

लिनक्स हे मुळात कर्नलचे नाव. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा ताबा ज्याच्याकडे असतो आणि बाकीचे सगळे प्रोग्राम ज्याच्याकडे मागणी करून काम करवून घेतात, तो हा गाभा. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच आहे. रांजणगावात कारखाना असलेल्या एलजी कंपनीच्या टीव्हीतील वेबओएस प्रणालीही त्याच्यावरच उभी आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या कामाला कार्यालय नाही आणि मालकही नाही. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात, उरलेला काळ चुका दुरुस्त करण्यात जातो. बदल पाठवणाऱ्याने काय बदलले एवढे सांगून भागत नाही, का बदलले तेही लिहावे लागते. त्याखाली त्याचे नाव येते. तपासणाऱ्याचे आणि चाचणी घेणाऱ्याचे नावही नोंदले जाते. हरकती उघडपणे लेखी घेतल्या जातात, उत्तरेही तशीच द्यावी लागतात. वीस वर्षांपूर्वीचा वाद आजही कोणीही वाचू शकतो.

असाच एक वाद केजीडीबी या साधनावरून झाला. साधा प्रोग्राम बिघडला तर डीबगरने तो थांबवून तपासता येतो, कारण खाली कर्नल चालू असतो. पण कर्नलच थांबवला तर डीबगर चालणार कशावर? केजीडीबीचे उत्तर असे: दोन संगणक सिरियल केबलने जोडा, एकावर तपासायचा कर्नल आणि दुसऱ्यावर नेहमीचा जीडीबी डीबगर चालवा. कर्नलमध्ये जिथे थांबायचे, तिथल्या सूचनेचा पहिला बाइट जपून ठेवला जातो आणि त्याच्या जागी थांबण्याची सूचना लिहिली जाते. इंटेलच्या प्रोसेसरवर ही सूचना अवघ्या एका बाइटची असते. प्रोसेसर तिथे पोचला की ताबा केजीडीबीकडे जातो आणि बाकीचे प्रोसेसर जागच्या जागी रोखून धरले जातात. मग दुसऱ्या संगणकावरून मेमरी वाचता येते, एकेक सूचना पुढे सरकता येते.

सुरुवातीच्या काळात हे साधन जोपासणाऱ्यांमध्ये पुण्याचे अमित काळे आणि त्यांची लिनसिससॉफ्ट ही कंपनी होती. पण केजीडीबी मूळ कर्नलमध्ये नव्हते. कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर ते बाहेरून चढवावे लागे. कारण कर्नलमध्ये डीबगर असण्यालाच टोरवाल्ड्स यांचा विरोध होता. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी तो सविस्तर मांडला. डीबगर हाताशी असला की माणूस दिसणारे लक्षण दुरुस्त करतो आणि मुळाशी जात नाही; तो नसला की कोड वाचून, विचार करूनच चूक शोधावी लागते, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार होते. नव्या हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला चूक आपल्या कोडमध्ये आहे की यंत्रात, हे नुसते वाचून कळत नाही. त्याला चालत्या यंत्राची अवस्था पाहावीच लागते.

हा वाद मिटायला आठ वर्षे लागली. दरम्यान कर्नलचे एक विकासक अँड्र्यू मॉर्टन यांनी आपल्या चाचणीच्या शाखेत जॉर्ज अँझिंगर यांचे केजीडीबी घेतले होते, तर काळे यांची शाखा वेगळी चालू होती. पुढे पावेल माखेक, टॉम रिनी यांच्यासारख्यांचे हात कामाला लागले. अखेर जेसन वेसेल आणि इंगो मोल्नार यांच्या पुढाकाराने सुटसुटीत केलेले केजीडीबी जुलै २००८ च्या २.६.२६ या आवृत्तीत दाखल झाले. सर्व प्रोसेसरांना समान असलेला भाग एकीकडे आणि प्रत्येक प्रोसेसरपुरता भाग दुसरीकडे, अशी त्याची मांडणी झाली. ज्यांचा मूळ विरोध होता, त्यांनीच ते स्वीकारले.

आज कर्नलमधली डीबगरची मुख्य फाइल उघडली, तर माथ्यावर वर्षानुसार हक्कांची नोंद दिसते. २००० ते २००१ व्हेरिटास सॉफ्टवेअर, २००३ ते २००४ अमित काळे, २००४ ते २००६ लिनसिससॉफ्ट, शिवाय इतर. काम पूर्णत्वाला नेणारे वेगळे असले, तरी आधीच्यांची नावे पुसली गेली नाहीत.

ही पद्धत निर्दोष नाही. चर्चेतली भाषा अनेक वर्षे बोचरी, कधी अपमानास्पदही होती, आणि नवख्यांना ती दूर लोटत होती. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही आठवडे कामातून बाजूला राहणे पसंत केले. त्याच सुमारास प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. कोडवर कठोर राहण्यासाठी माणसावर कठोर व्हावे लागत नाही, हे उशिरा का होईना, मान्य झाले.

आपल्याकडे मतभेद एक तर दाबला जातो, नाही तर वैर होऊन बसतो. कारणे लिहून ठेवण्याची सवय आपल्याला कमीच. चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूरला किंवा मुठा उजव्या कालव्याचे पाणी दौंडला कधी आणि किती सोडायचे, हाही आकडेमोडीचा तांत्रिक प्रश्नच आहे. त्यातल्या निर्णयामागची कारणे आणि हरकतींची उत्तरे शेतकऱ्याला सहज वाचता यावीत, ही अपेक्षा रास्त आहे.

पण सुरुवात वर्गातून व्हावी. दोन्ही तालुक्यांतल्या संगणक विभागांनी प्रत्येक विद्यार्थ्याला कर्नलमधला एक बदल द्यावा आणि त्यावरच्या हरकती, उत्तरे व निकाल यांचे टिपण मराठीत लिहायला सांगावे. याला नवे यंत्र लागत नाही, शुल्कही नाही. पुढची पायरीही आवाक्यातली आहे: दस्तऐवजातली चूक सुधारून पाठवणे, जुन्या संगणकावर नव्या आवृत्तीची चाचणी घेऊन दोष कळवणे. पहिला प्रयत्न बहुधा परत येईल. त्यासोबत आलेले कारण नीट वाचावे, दुरुस्ती करावी आणि पुन्हा पाठवावा. तिथे पाठवणाऱ्याचे गाव विचारले जात नाही, कारण मात्र विचारले जाते. ते देण्याची तयारी आपल्या मुलांनी आतापासूनच करावी.