पहिली ऑर्डर कोण देणार?

दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीएमई) आवारात सैन्यदलाचे रोइंग केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेला, तिथे वल्हे हाती घेतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. दोनच वर्षांनी पालेंबांगला चौघांच्या नावेतून त्याने आशियाई सुवर्ण मिळवले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब तर १९२८ पासूनचा. वल्हवणारे हात या परिसराला नवे नाहीत. शर्यतीच्या नावा मात्र आपण अजूनही बहुतेक परदेशातूनच आणतो.

पिंपरी-चिंचवडच्या ज्या पट्ट्यात मोटारींचे हजारो सुटे भाग घडतात, तिथे हे खटकायला हवे. एका खेळाडूच्या शर्यतीच्या नावेचे किमान वजन १४ किलो, तर स्प्रिंटच्या एकेरी कयाकचे १२ किलो. ही कयाक जास्तीत जास्त पाच मीटर वीस सेंटिमीटर लांब असते. कार्बन फायबरचे थर साच्यात बसवायचे, रेझिन मुरवायचे, हवा ओढून काढायची, ऊब देऊन कडक करायचे. सगळी मदार साच्यावर. आणि साचा हेच तर भोसरीच्या छोट्या कारखान्यांचे काम! तिथे वडील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न तासत आणि मुलगा तेच काम आता सीएनसीवर करतो, अशी घरे आहेत. अशा घराला कयाक बांधता येणार नाही, हे मला पटत नाही. अडते ते पैशापाशी. साच्याचा खर्च एका नावेवर निघत नाही, आणि पुढच्या नऊ नावा कोण घेणार हे कोणी सांगत नाही.

गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे उदाहरण आठवा. रत्नाकर दांडेकरांचा अ‍ॅक्वेरियस हा काही मोठा जहाज कारखाना नव्हता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी एकट्या भारतीयाने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचे स्वप्न धरले होते. नौदलाने त्यासाठी नौका मागवली ती या छोट्या कारखान्याकडून. लाकडी गाभा आणि वर फायबर अशी ५६ फुटी ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलात आली आणि त्याच वर्षी दिलीप दोंदे तिच्यातून निघाले. पुढे अभिलाष टॉमींनी तिच्यातूनच कुठेही न थांबता फेरी पुरी केली. २०१७ मध्ये ‘तारिणी’ही याच कारखान्यातून बाहेर पडली आणि सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. कसब बेटावर होतेच. त्याला एवढे मोठे काम मिळाले ते कोणीतरी विश्वासाने ऑर्डर दिली म्हणून.

नाव बांधणारी घराणी अशीच टिकतात. लवजी नसरवानजी वाडिया अठराव्या शतकात सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या गोदीत जहाजे बांधत राहिले, कारण आधी ईस्ट इंडिया कंपनीची आणि मग इंग्रजी आरमाराची मागणी सतत येत राहिली. या घराण्याने १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. उलट कोकणात फायबरच्या बोटी आल्या आणि लाकडी होड्यांची मागणी ओसरली. बांधणारे सुतार होते तिथेच होते, पण गिऱ्हाईक गेले. आता त्यांची मुले घरे नि फर्निचर करतात.

आपल्या पट्ट्यात मागणीच्या आड आणखी एक गोष्ट येते, ती नदी. पवना, मुळा, इंद्रायणी या तिन्ही नद्या पिंपरी-चिंचवडमधून किंवा त्याला लागून वाहतात, पण फेसाळलेल्या इंद्रायणीत कोणता बाप पोराला कयाकमध्ये बसवील? नदीकाठ सुशोभित करण्याआधी सांडपाणी अडवले, तर पाण्यात उतरणारी मुले वाढतील आणि नावांना गिऱ्हाईकही इथेच मिळेल.

ऑलिंपिकची नाव पहिल्याच दिवशी कोणी मागत नाही. महापालिकेचा क्रीडा विभाग, महाविद्यालये आणि सैन्याचे केंद्र यांनी मिळून सरावाच्या कयाकची एक सामाईक मागणी नोंदवावी, ती तीन वर्षांची असावी, आणि निविदेच्या अटी अशा असाव्यात की दहा कामगारांचा कारखानाही त्यात बसेल. आगाऊ रकमेत साच्याचा खर्च धरावा.